भिकनभाऊ हळू बोलायला लागले

मशीनमध्ये पाणी घालायचं नाही, असं भिकनभाऊंनी ठरवलं. बस्स, एवढंच. यात कोणाचं वाईट करायचा त्यांचा विचार नव्हता. माणूस रोज अशा किती गोष्टी ठरवतो! आज दाढी राहू दे, मेहुण्याचा फोन उचलायचा नाही, चहात साखर कमी. त्यानं कोणाचं घर हलत नाही. पण भिकनभाऊंचं हललं. घर म्हणजे तरी काय, सुरतेच्या भेस्तानमधली एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी, आणि शेजारची भिंत इतकी पातळ की इकडे उचकी लागली तर तिकडून पाण्याचा तांब्या यावा.

आता मशीन कसलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पिठाची गिरणी.

भिकनभाऊ बोरसे बमरोलीला लूमच्या खात्यात जॉबर आहेत. खातं म्हणजे कारखाना, सुरतेत सगळे तसंच म्हणतात. आणि जॉबर म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. अमळनेरकडून मिसरूड फुटायच्या आत आले, रात्रपाळीला लागले, ते लागलेच. रात्रभर माग, दिवसभर झोप. आणि दिवसभर झोप म्हणजे दिवसभर घोरणं.

ते घोरणं साधं नव्हतं. आधी भरलेला ट्रक चढावर चढायचा. मग गिअर बदलायचा. मग चढ संपायच्या आतच ट्रक एकदम गायब. काही नाही. नुसता पंख्याचा आवाज. आणि बऱ्याच वेळानं, विहिरीत बुडी मारलेला माणूस वर यावा तसा एक मोठा श्वास, की पुन्हा ट्रक चालू.

त्यांची बायको, प्रमिलाबाई, दारात उजेडाला बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायच्या. साडीवर छापलेलं फूल असतं, त्याच्या पाकळीपाकळीला गोंद लावून खडा ठेवायचा. ट्रक चालू असला की त्यांचा हात चालू. ट्रक गायब झाला की हात तिथंच. खडा चिमटीत, नजर नवऱ्याच्या छातीवर. श्वास आला की हात पुढे. तोवर गोंद वाळलेला. अशी किती फुलं अर्धी राहिली असतील आणि ठेकेदाराची किती बोलणी त्यांनी खाल्ली असतील, ते त्याच जाणोत.

एके दिवशी त्यांनी माळ्यावरची निळी बॅग खाली काढली आणि खाटेखाली सरकवली.

"ही कशाला?" भिकनभाऊंनी विचारलं.

"नवरात्र झाली की मी वापीला चेतनकडे जाते. पोरगा कधीचा बोलावतोय. दिवसभर तुमच्या श्वासाची वाट बघत बसू, का फुलं पुरी करू? मला शांत दुपार पाहिजे. आणि माझ्याशी ओरडून न बोलणारं माणूस पाहिजे."

"मी कुठे ओरडतो?" भिकनभाऊ ओरडले.

समोरच्या घरातलं मांजर उठून गेलं.

यात भिकनभाऊंचा दोष नव्हता हो. खात्यात शेकडो माग एकदम ठाणठाण करत असतात. तिथं कोणी कोणाशी बोलत नाही. एकतर हातवारे करायचे, नाहीतर कानाशी तोंड नेऊन बोंबलायचं. इतकी वर्षं असं बोंबलल्यावर घरी आला म्हणून माणसाचा घसा थोडाच बारीक होतो! ते मोरीतून "साबण दे" म्हणाले की चार घरं पलीकडची पोरं साबण घेऊन यायची. त्यांच्या घरातली एक गोष्ट गल्लीपासून लपलेली नव्हती. शेजारच्या मंगलाबाईंना तर खाटेवरून उठायचीही गरज नव्हती. भाजी काय, बोनस कधी, कोणत्या साडूशी अबोला आहे, सगळं आडव्या पडून कळायचं. (मंगलाबाईंना कोणी चोंबड्या म्हणेल. तसं नाही. त्यांना फक्त माणसांची काळजी असते.)

डॉक्टरांनी भिकनभाऊंना रात्रभराच्या तपासणीला बोलावलं, अंगाला वायरी लावून झोपवलं आणि सांगितलं, झोपेत तुमचा श्वास अडतो, हे चांगलं नाही, मशीन लावून झोपा. भिकनभाऊ डॉक्टरांना काही घाबरले नाहीत. ते घाबरले निळ्या बॅगेला. मशीन घरी आलं.

छोटंसं, टिफिनएवढं मशीन. त्याला लांब नळी, नळीला नाकावर बसवायचा मास्क. मशीन हवा ढकलतं, हवा घशाचा रस्ता उघडा ठेवते. मशीनवाले जिग्नेशभाई घरी येऊन सगळं बसवून गेले. मास्क असा लावायचा, पट्टा असा ओढायचा, आणि ही पाण्याची टाकी, हिच्यात रोज पाणी घालायचं, मशीन ते तापवतं, म्हणजे हवा ओली होऊन येईल. सगळं गुजरातीत आणि एका दमात. भिकनभाऊ "हा, हा" म्हणत राहिले. पण "पाणी" ऐकल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली ती काही गेली नाही.

जिग्नेशभाई गेल्यावर त्यांनी टाकी काढून बाजूला ठेवली.

"अहो, त्यांनी सांगितलं ना, पाणी घालायचं!"

"त्याले काय समजस!" भिकनभाऊ म्हणाले. "बिजलीचं मशीन, आत मोटार, आणि तिच्या पोटात पाणी? एका दिवसात जळेल!"

मोटारीजवळ पाण्याचा ग्लास ठेवला म्हणून भिकनभाऊंनी एकदा सख्ख्या चुलतभावाला खात्याबाहेर काढलं होतं. तो भाऊ अजून त्यांच्या दारात चहा पीत नाही. अशा माणसानं स्वतःच्या उशाशी मोटार ठेवायची आणि तिला स्वतःच्या हातानं पाणी पाजायचं? शक्य नाही. मशीन सुकंच चालेल.

टाकी तशीच पडून होती. प्रमिलाबाईंना ती फार आवडली. स्वच्छ, आरपार दिसणारी, झाकण असं घट्ट की मुंगीची टाप नाही शिरायची. त्यांनी त्यात लसणाची लाल चटणी भरली.

आता पुढे ऐका.

पहिल्याच दुपारी ट्रक बंद. मशीन बारीक सूं सूं करतंय, भिकनभाऊ नाकाला सोंड लावून गाढ झोपलेत, छाती पाळण्यासारखी वरखाली होतेय. प्रमिलाबाईंनी एक फूल पुरं केलं. मग दुसरं. मग त्या उगीच उठून नवऱ्याजवळ गेल्या, नाकाशी हात धरला, परत आल्या. गल्लीतली पोरं खिडकीतून बघून गेली आणि त्यांनी बाहेर जाऊन भिकनभाऊ गणपती झाल्याचं सांगितलं.

पण सुकी हवा ती सुकीच. थोड्याच दिवसांत भिकनभाऊंचं नाक आतून तंदूर झालं. मग ते चोंदलं. मग वाहायला लागलं. मग शिंका. मास्क सैल बसायचा, त्याच्या फटीतून हवा वर डोळ्यांत जायची, आणि उठल्यावर डोळे लाल, गालांवर ओघळ. आणि मग कान. कानात कोणीतरी कापसाचा बोळा कोंबून वर मेण लावावं तसं झालं. आवंढा गिळला की कानात टुक व्हायचं, तेवढ्यापुरतं उघडायचं, पुन्हा बंद.

यातली खरी गंमत कानाची. असा कान बसला की बाहेरचं कमी ऐकू येतं आणि स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो. भिकनभाऊ उठून नेहमीसारखे "चेतननी माय!" म्हणाले, तर रिकाम्या टाकीत तोंड घालून ओरडल्यासारखा तो आवाज त्यांच्याच कवटीत फिरून आला. ते दचकले. जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा आवाज मोठा वाटला. त्यांनी तो कमी केला. तरी घुमला. अजून कमी केला. शेवटी जो उरला तो आवाज म्हणजे देवघरात निरांजन विझू नये म्हणून माणूस बोलतो, तसा.

"पाणी दे गं जरा," ते म्हणाले.

प्रमिलाबाई हातातलं काम सोडून आल्या. जवळ आल्या. अगदी जवळ. मान वाकडी करून तोंडाशी कान आणून उभ्या राहिल्या. इतक्या जवळ त्या दिवसाउजेडी कधी आल्या होत्या, हे भिकनभाऊंना आठवेना. मग त्या हसल्या, "हं" म्हणाल्या आणि चहा घेऊन आल्या.

न मागता चहा! भिकनभाऊंनी तो पाण्याच्या तहानेनं प्यायला आणि विचार करत बसले.

मग हे रोजचंच झालं. भिकनभाऊ हळूच काही बोलायचे, प्रमिलाबाई वाकून "हं" म्हणायच्या. टॉवेल मागितला तर वाटीत लाडू यायचा. मोजे कुठेत विचारलं तर पंखा वाढवला जायचा. भिकनभाऊंना वाटलं, एवढी वर्षं आपण उगीच बोंबलत होतो. हळू बोललं तर बायको मनातलं ओळखते! मग त्यांना धीर आला. चहा पिता पिता ते जे कधी बोलले नव्हते ते बोलायला लागले. तुझे हात खड्यांनी खरबडीत झाले. लग्न करून तुला अमळनेरहून आणलं तेव्हा तू रडत होतीस आणि मी बिडी ओढायला निघून गेलो, ते मला अजून लागतं. वापीला गेलीस तर मी सकाळी कामावरून आल्यावर दार कोण उघडणार? प्रमिलाबाई खडे चिकटवत "हं, हं" म्हणत राहायच्या.

इकडे शेजारी मंगलाबाईंची उपासमार चालू होती. भिंतीतून येणारा आवाज अचानक बंद. दोन दिवस त्यांनी कळ काढली. मग स्टीलचा ग्लास भिंतीला लावून पाहिला. ग्लासातून सूं सूं यायचं आणि मधेच पुटपुट. शब्द एक कळेना. कुजबूज आणि भिकनभाऊ? ज्या माणसाच्या शिंकेवर गल्ली घड्याळ लावते, तो कुजबुजतोय? म्हणजे नोकरी गेली असणार. नाहीतर खोली विकायला काढली. नाहीतर... (नको, पोरीबाळी वाचतील.)

शेवटी त्या विरजणाची वाटी घेऊन गेल्या. मंगलाबाई मूळच्या अकोल्याच्या. त्यांच्या घरी दही लागत नाही असा दिवस नसतो, पण शेजारी काही घडलं की विरजण हमखास संपतं. प्रमिलाबाई पाण्याला गेल्या होत्या. भिकनभाऊ नुकतेच उठून खाटेवर बसले होते. डोळे लाल, गालांवर पाणी, हातात रुमाल, आणि नजर खाटेखालच्या निळ्या बॅगेवर. (खरं तर ते चपला शोधत होते.)

"अगं बाई! भाऊ, काय झालं?"

"काही नाही हो," भिकनभाऊ त्या नव्या आवाजात म्हणाले, आणि नाक ओढलं.

मंगलाबाई मटकन खाली बसल्या. "वैनी चालल्या म्हणून? एवढं मनाला लावून घेतलं तुम्ही?"

"नाही नाही. ते मशीन..."

"बोलू नका. कळलं मले. माणूस वरून राकट असला तरी आतून काय असते, ते आमच्या ह्यांच्यावरून माहीत आहे. मी बोलते वैनींशी."

भिकनभाऊंनी तोंड उघडलं. सांगणार होते की बाई, नाक वाहतंय, डोळ्यांत मशीनची हवा जाते, कान बसलेत. पण तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, बोलून तर बघू दे. त्यांनी तोंड मिटलं. वर डोळ्याला रुमाल लावला. (डोळा खाजत होता, हेही तितकंच खरं.)

मंगलाबाई विरजणाची रिकामी वाटी तशीच घेऊन डोळे पुसत घरी गेल्या. त्या नंतर प्रमिलाबाईंशी गल्लीच्या नळावर काय बोलल्या ते नळाच्या आवाजात कोणाला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी भिकनभाऊ कामावरून आले तर खाटेखाली बॅग नव्हती. ती माळ्यावर होती, वर चादर घालून.

भिकनभाऊंनी देवापुढे उदबत्ती लावली.

आणि तिथून त्यांची खरी पंचाईत सुरू झाली. बायको थांबली कशामुळे? हळू आवाजामुळे आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे. हळू आवाज कशामुळे? बसलेल्या कानामुळे. म्हणजे कान सुटला की आवाज सुटला, आवाज सुटला की बॅग खाली. गणित सरळ होतं. नाक फुटलं तरी चालेल, पण बरं व्हायचं नाही!

आता नाक खरोखरच दुखत होतं. आत खपल्या धरल्या होत्या. मंगलाबाईंनी मायेनं दिलेली ओव्याची पुरचुंडी हुंगली तर शिंकांनी मास्क खिडकीपर्यंत उडाला. कामावर कान बसल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथं सगळ्यांचेच बसलेले. पण भिकनभाऊंना स्वतःला कळत होतं. कोपऱ्यातला माग लंगडा चालत होता. एरवी त्यांनी तो पाठ करून उभे असताना ओळखला असता, पण कापड खराब होऊन वर आलं तेव्हा कुठे कळलं. घरी येताना रिक्षाचा हॉर्न ऐकू आला नाही आणि रिक्षावाल्यानं त्यांच्या सगळ्या खानदानाची आठवण काढली, तीही धड ऐकू आली नाही. आणि सगळ्यात जड काय होतं, तर चहा देताना प्रमिलाबाईंचा चेहरा. ही बाई आपल्या खोट्या रडण्यावर विश्वास ठेवून पोराचं सुखाचं घर सोडून बसली. भिकनभाऊंच्या घशाखाली लाडू उतरेना. (उतरला. पण नेहमीसारखा नाही.)

मग एका सकाळी प्रमिलाबाई उशीचा अभ्रा बदलायला गेल्या आणि त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली. अभ्र्यावर रक्ताचा डाग होता.

"हे काय? अहो, हे काय आहे?"

"ढेकूण मारला असेल," भिकनभाऊ हळूच म्हणाले.

"काय?"

"ढेकूण."

"काय म्हणताय, मोठ्यानं बोला की!"

पण भिकनभाऊ मोठ्यानं बोलतात कसले! प्रमिलाबाईंनी अभ्रा छातीशी धरला आणि जिग्नेशभाईंना फोन लावला. फोनवर त्या रडत होत्या. ते रडणं मात्र बसलेल्या कानांनाही नीट ऐकू आलं. भिकनभाऊंना वाटलं, आपल्यासारखा हलकट माणूस साऱ्या भेस्तानात नसेल.

जिग्नेशभाई दुपारीच आले. पोट सुटलेला, कपाळाला चंदन, घामानं निथळलेला भला माणूस. शिंका आणि पाहुण्याचा आवाज ऐकून मंगलाबाईही आल्या. (विरजण संपलं होतं.) जिग्नेशभाईंनी मशीन उलटसुलट केलं.

"काका, पाणीनी टाकी क्यां छे?"

भिकनभाऊ छताकडे बघायला लागले.

"टाकी, टाकी! ट्रान्सपरन्ट. ढाकणवाली."

प्रमिलाबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. त्या स्वयंपाकाच्या कट्ट्याकडे गेल्या आणि दोन्ही हातांत धरून टाकी घेऊन आल्या. आत तळापासून गळ्यापर्यंत लालभडक चटणी, वर तेलाचा तवंग.

जिग्नेशभाई कांदा-लसूण खात नाहीत. त्यांनी टाकी दोन बोटांत धरली, लांब केली आणि डोळे मिटले. जरा वेळानं उघडले.

"आमां तमे... चटणी?"

"झाकण घट्ट आहे ना," प्रमिलाबाई म्हणाल्या. "खराब होत नाही."

मग जिग्नेशभाईंनी मोडक्या मराठीत समजावलं. पाणी नाही म्हणून हवा सुकी. सुक्या हवेनं नाक सुकतं, सुजतं, रक्त येतं. नाक चोंदलं की कानाचा रस्ता पण चोंदतो. काका घाबरायचं नाही, पाणी मोटारीला लागतच नाही, ते वेगळ्या खणात असतं. झोपायच्या आधी नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारायचा, पट्टा नीट लावायचा. रक्त परत दिसलं तर डॉक्टरकडे जायचं, ते प्रेशर बघतील. आणि ही टाकी आता फेकायची. "हुं काले नवी लई आवीश."

"नको," भिकनभाऊ पुटपुटले. "मला बरं आहे."

कोणी ऐकलं नाही.

जिग्नेशभाई गेले. आता दुसरं कोणी असतं तर नव्या टाकीची वाट बघितली असती. पण चांगली टणक टाकी फेकायची, ही गोष्ट मंगलाबाईंच्या जिवाला लागली. "चटणीचंच तर भांडं! वैनी, इकडे आणा. अशी घासते, की तोंड पाहा तिच्यात." त्यांनी ती राखेनं घासली, पावडरीनं घासली, लिंबानं घासली. टाकी आरशासारखी झाली. प्रमिलाबाईंनी उकळून गार केलेलं पाणी भरलं, टाकी मशीनला बसवली, नवऱ्याला आडवं केलं आणि मंगलाबाईंना म्हणाल्या, "जा तुम्ही आता. त्यांना जरा झोपू द्या."

मंगलाबाई घरी गेल्या. (दूध तापत होतं. आणि ग्लास भिंतीजवळच होता.)

प्रमिलाबाईंनी मास्क लावला, पट्टा हलक्या हातानं सारखा केला, आणि खाटेच्या कडेला बसून राहिल्या. भिकनभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. आता हवा ओली होणार, कान सुटणार, सगळं संपणार. त्याच्या आत सांगून टाकावं. मशीन चालू झालं.

"चेतननी माय," ते त्या देवघरातल्या आवाजात म्हणाले, "एक सांगू का? ते रडणं खोटं होतं. पण मनात होतं ते खोटं नव्हतं. ऐक, मले..."

प्रमिलाबाई वाकल्या. "हं?"

आणि पाणी तापलं.

लिंबानं घासा नाहीतर राखेनं, प्लास्टिकनं लसूण-मिरची आतून धरून ठेवली होती. गरम ओली हवा ती घेऊन नळीतून निघाली, आणि थेट भिकनभाऊंच्या त्या सोललेल्या नाकात गेली. एकदम मिरचीची फोडणी! डोळे बाहेर आले. एक शिंक. दुसरी. तिसरीला मास्क उडाला, नळी निसटून खड्यांच्या डबीवर पडली आणि खडे खोलीभर उधळले. चौथी शिंक अशी आली, की आतून कोणीतरी बाटलीचं बूच उडवावं तसा आवाज झाला. टपाक! दोन्ही कान एकदम सुटले.

जग परत आलं. पंखा, गल्लीतली पोरं, कोणाच्या तरी कुकरची शिटी, आणि भिंतीवर घासणारा स्टीलचा ग्लास, सगळं लख्ख. आणि स्वतःचा आवाज मात्र डोक्यातून नाहीसा झाला. भिकनभाऊंना वाटलं, आवाजच गेला. त्यांनी अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं, खात्यातल्या आवाजात.

"मले तुनाबिगर करमत नही! वापीले जाऊ नको!"

कुकरची शिटी अर्ध्यात थांबली असं म्हणतात. पोरांचा खेळ थांबला. समोरच्या घरातलं मांजर उठून गेलं. आणि मग गल्लीच्या टोकावरून कोणीतरी म्हणालं, "भिकनभाऊ, नाही जाणार हो वैनी!"

प्रमिलाबाई उधळलेल्या खड्यांच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. आधी हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं, कारण चटणीनं त्यांच्याही डोळ्यांना पाणी आलं होतं.

संध्याकाळी भिकनभाऊ कामावर निघाले. प्रमिलाबाईंनी डबा भरून दिला, भाकरी आणि तीच चटणी. त्यांच्या केसांत अजून एक खडा चमकत होता. भिकनभाऊंनी तो काढून त्यांच्या हातावर ठेवला. आता त्यांना मुद्दाम हळू बोलावं लागत होतं, आणि ते मागाच्या खाली सरपटत जाण्यापेक्षा अवघड होतं.

"दुपारी ऐकलंस ना?"

"गल्लीनं ऐकलं, मी नाही ऐकणार?" प्रमिलाबाई म्हणाल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "पुन्हा म्हणा पाहिजे तर. तस्संच. मोठ्यानं."

"पण मी तर कधीपासून सांगतोय. रोज, चहा पिताना. तुझे हात, अमळनेरची गोष्ट..."

"कोणती गोष्ट?"

"तू हं, हं करायचीस ना?"

"तुमचे नुसते ओठ हलायचे. ऐकू काहीच यायचं नाही. मला वाटलं, जप करताय. चांगलंय, म्हटलं, वय झालं."

"मग चहा आणायचीस तो?"

"कधी चहा, कधी लाडू. अंदाजानं. परत तर पाठवलं नाही तुम्ही."

"आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी?"

"सर्दी नव्हती का ती? मंगलाबाई काहीतरी म्हणत होत्या खरं नळावर, पण त्यांचं काय मनावर घ्यायचं!"

भिकनभाऊ ओट्यावर बसले. डबा मांडीवर घेतला. "मग तू बॅग माळ्यावर ठेवलीस ती कशाला?"

प्रमिलाबाईंनी भिंतीकडे एकदा पाहिलं आणि आवाज बारीक केला. पण आता भिकनभाऊंचे कान स्वच्छ होते. शब्द न शब्द ऐकू आला.

"सूनबाईचा, वर्षाचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "चेतनपण घोरतो म्हणे, तुमच्यासारखाच. तुम्ही निदान रात्री घरी नसता."

भिंतीपलीकडे स्टीलचा ग्लास खाली पडला.